जुने गोवे सहकुटुंब: पणजीत मुक्काम, दोन सकाळी आणि मोजकी चर्च

जुन्या गोव्यात येणाऱ्या बहुतेक कुटुंबांची भेट ठरलेली असते. किनाऱ्यावरून निघालेली गाडी भर दुपारी थांबते. बॉम जीझस बॅसिलिकेत एक फेरी होते, रस्ता ओलांडून से कॅथेड्रलमध्ये दुसरी, बाहेर हिरवळीवर फोटो, आणि तासाभरात गाडी मंगेशीच्या वाटेला लागते. मुलांच्या लक्षात राहतं ते ऊन. ज्या जागेला युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, तिच्या वाट्याला एक तास येतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यावरचा उपाय सोपा आहे. चर्चची संख्या कमी करा, पण वेगवेगळ्या अवस्थांतली चर्च निवडा. जिथे आजही रोज मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना, होते असं एक, जे आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे असं एक, आणि जे कोसळून गेलं आहे असं एक. एवढं नीट पाहिलं तर चारशे-पाचशे वर्षांचा गोवा मुलांनाही कळतो. पुढचा सगळा बेत याच हिशेबाने मांडला आहे. त्याला दोन सकाळी आणि एक संध्याकाळ लागते.

मुक्काम पणजीत

किनाऱ्यावर राहून जुन्या गोव्याला ये-जा करण्यात अर्धा दिवस जातो. पणजीत राहिलात तर जुनं गोवं साधारण दहा किलोमीटरवर आहे. कदंब बसस्टँडवरून तिकडे सतत बस सुटतात. वाट मांडवीच्या काठाकाठाने जाते. पणजी सोडल्यावर रायबंदरपर्यंतचा रस्ता ज्या बांधावरून जातो, तो पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधला. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी. मुलांना मिठागरांच्या बाजूच्या खिडकीत बसवा, इथे पक्षी दिसतात.

कोकण रेल्वेने येणार असाल तर मडगावपर्यंत जायची गरज नाही. करमळी स्टेशन जुन्या गोव्याला अगदी लागून आहे आणि कोकणकन्या व मांडवी या गाड्या तिथे थांबतात. करमळीला उतरून आधी पणजीला जा, सामान टाका, आणि फिरणं दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करा. रात्रभराच्या प्रवासानंतर मुलं आणि ज्येष्ठ मंडळी जांभ्या दगडाच्या तापलेल्या अंगणात उभी राहू शकत नाहीत.

गाडी किंवा स्कूटर भाड्याने घेणार असाल तर नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तरच ते वाहन भाड्याने द्यायला परवाना असलेलं. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो.

कोणते दिवस टाळायचे, कोणते साधायचे

रविवारी सकाळी बॅसिलिका आणि कॅथेड्रल दोन्हीकडे मिस्सा असतात, त्यामुळे पाहुण्यांना आत मोकळं फिरता येत नाही. शुक्रवारी पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय बंद असतं. म्हणून मंगळवार ते गुरुवार हे दिवस सर्वांत सोयीचे.

सोळाव्या शतकातला धर्मप्रचारक संत, सेंट फ्रान्सिस झेवियर, याचं फेस्त म्हणजे वार्षिक उत्सव ३ डिसेंबरला असतो. त्याआधी नऊ दिवसांची नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना, चालते. बेळगाव, कारवारकडून लोक पायी येतात, रस्त्याच्या कडेला जत्रा भरते. भाविकांसाठी हे दिवस मोलाचे आहेत आणि तुम्हाला फेस्तच बघायचं असेल तर जरूर या. वास्तू शांतपणे बघायच्या असतील तर मात्र आठवडा-दोन आठवडे अलीकडे-पलीकडे करा. बॉम जीझस बॅसिलिकेत ठेवलेली झेवियरची शवपेटी दर दहा वर्षांनी दर्शनासाठी खाली आणतात. गेल्या वेळी हे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं. पुढची पाळी २०३४च्या सुमारास येईल, तेव्हा त्यासाठी घाई करण्याचं कारण नाही.

पावसाळ्याबद्दल माझं मत लोकांपेक्षा वेगळं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी कमी असते, जांभ्यावर शेवाळ चढलेलं असतं, आणि टेकडीवरच्या सेंट ऑगस्टीन चर्चचा पडका मनोरा त्या ओल्या उजेडात फार देखणा दिसतो. पायऱ्या निसरड्या होतात, तेवढी रबरी तळव्याची पादत्राणं घाला. एप्रिल-मे मात्र लहान मुलांना घेऊन टाळावेत.

दोन्ही दिवस सकाळी नऊच्या आत पोहोचायचं आणि बाराच्या आत आवरायचं. पणजीत आणि आसपास दुपारी एक ते तीन-चार दुकानं बंद असतात. लहान चर्च आणि कपेलं, म्हणजे छोटी प्रार्थनाघरंही कुलूपबंद असतात. गोव्यात दुपार ही झोपेची वेळ आहे, तुम्हीही ती पाळा.

निघण्याआधी घरी सांगायची गोष्ट

मुलांना गोष्ट आधी माहीत असेल तर वास्तू बोलते. आपल्या घरात सांगायला एक उत्तम गोष्ट आहे, आणि ती थेट मराठ्यांच्या इतिहासातली आहे.

नोव्हेंबर १६८३. छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा गोव्यावर चालून आल्या होत्या. जुन्या गोव्याच्या अगदी समोर, नदीतल्या जुवे बेटावरचा किल्ला मराठ्यांनी रात्रीत घेतला. व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर तो परत घ्यायला गेला आणि जखमी होऊन माघारी आला. शहर पडणार अशी स्थिती झाली, तेव्हा तो बॅसिलिकेत गेला, झेवियरची शवपेटी उघडायला लावली आणि आपला अधिकारदंड संताच्या हवाली केला. शहर आता तुम्हीच राखा, असा त्याचा अर्थ. पुढे मोगल फौज जवळ आल्यामुळे महाराजांना वेढा सोडून परतावं लागलं. पोर्तुगीजांनी हे संताचं कृपाछत्र मानलं. आपण ते औरंगजेबाच्या स्वारीच्या खात्यावर मांडतो. पण ती पेटी, ते दालन आणि नदीपलीकडचं ते बेट आजही जागेवर आहे. ही गोष्ट ऐकून आलेलं दहा वर्षांचं मूल बॅसिलिकेत कंटाळत नाही.

शहराची हकिगत दोन-चार वाक्यांत सांगून टाका. आदिलशाहीकडून आफोंसो द आल्बुकर्कने १५१० मध्ये हे शहर जिंकलं. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं इथे व्यापार आणि धर्मसंस्था दोन्ही फोफावल्या. मग साथीच्या रोगांनी वस्ती ओसरली, व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीकडे राहायला गेला, १८३५च्या सुमारास धार्मिक पंथांचे मठ बंद करण्यात आले आणि १८४३ मध्ये राजधानीही अधिकृतपणे पणजीला गेली. घरं पडली, त्यांचे चिरे लोकांनी नेले, आणि चर्च तेवढी उरली. हे सांगितलं नाही तर माळावर एवढी अवाढव्य चर्च कशासाठी, हे कोडं मुलांना सुटत नाही.

आत शिरताना

खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला. बाहीविना कपडे असतील तर पिशवीत एक ओढणी किंवा पंचा ठेवा. टोपी काढायची, चपला मात्र काढायच्या नाहीत. आपल्याकडच्या सवयीने लोक चपला काढून उभे राहतात, त्याची इथे गरज नाही. दाराशी भिंतीत छोटं पात्र असतं, त्यातलं पाणी मंतरलेलं असतं. त्यात हात बुचकळू नये, हे मुलांना आधीच सांगा.

आल्तार म्हणजे चर्चमधली पूजेची वेदी, तिच्यासमोरची दोरी किंवा कठडा ओलांडायचा नाही. बाकांच्या पुढची आडवी फळी गुडघे टेकण्यासाठी असते, तिच्यावर पाय ठेवू नका. कुणी डोळे मिटून बसलं असेल तर त्या रांगेसमोरून न जाता मागून जा. फोटोविषयीच्या पाट्या दाराशीच असतात. झगझगीत फ्लॅश आणि थडग्यासमोर उभं राहून स्वतःचे फोटो काढणं टाळावं, हे पाटी नसली तरी पाळा. आपल्या गाभाऱ्यात परक्याने तसं केलेलं आपल्यालाही चालत नाही.

पिशवीत लहान दुर्बीण असू द्या. चर्चमधलं सगळं उत्तम काम उंचावर असतं आणि नुसत्या डोळ्यांनी निम्मं सुटून जातं. दुर्बीण मुलाच्या हातात दिली की त्याला कामही मिळतं.

पहिली सकाळ: बॅसिलिकेला पूर्ण तास द्या

सुरुवात बाहेरून करा. बॉम जीझस बॅसिलिकेचं काम १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये तिचं अर्पण झालं. आसपासची बाकीची चर्च पांढरी आहेत, ही एकटी तांबडी. कारण तिचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यावर काढून टाकला. जांभा उघडा पडला, आणि तेव्हापासून गोव्याचा पाऊस तो खातो आहे. चुन्याचा गिलावा असण्यामागे रंगापेक्षा राखण हा हेतू होता. पुन्हा गिलावा करावा का, यावर गोव्यात खरा वाद आहे. पुष्कळांना तांबडा रंगच प्रिय झालाय. मला वाटतं, वास्तू टिकणं महत्त्वाचं.

आता दर्शनी भिंतीकडे पाहा. जांभ्याच्या मध्ये काळ्या दगडाचं बारीक कोरीवकाम आहे. जांभा भुसभुशीत असल्याने त्यात बारीक नक्षी धरत नाही, म्हणून हा बेसॉल्ट उत्तरेकडून आणला, तोही आपल्या वसईहून. ज्याने सह्याद्रीतली लेणी पाहिलीत त्याला हा दगड ओळखीचा वाटेल. सर्वांत वर मधोमध आयएचएस ही लॅटिन अक्षरं दिसतात. येशूच्या नावाचं ते संक्षिप्त रूप म्हणजे जेझुइट पंथाची खूण.

आत गेल्यावर लगेच झेवियरच्या थडग्याकडे धावू नका. मधल्या बाकांवर पाच मिनिटं बसा. समोरचा सोनेरी आल्तार खालून वर वाचायचा असतो. खाली बाल येशू, ज्याच्या नावाने हे चर्च आहे. त्याच्यावर लोयोलाच्या इग्नेशियसचा मोठा पुतळा. हा जेझुइट पंथाचा संस्थापक. त्याची नजर वरच्या सूर्यगोलाकडे आहे, आणि त्या गोलात पुन्हा तीच अक्षरं. सर्वांत वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. मग बाजूच्या लाकडी व्यासपीठाकडे मुलांना पाठवा. त्याला खालून पेलणाऱ्या आकृती किती, हे मोजायला सांगा. उत्तर सात.

आता उजवीकडे. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. तिथून मलाक्का आणि १५५४ मध्ये गोवा असा त्याच्या देहाचा प्रवास झाला. चांदीची पेटी गोव्यातल्या कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली. दुर्बीण इथे काढा. पेटीच्या पट्ट्यांवर झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, आणि ते स्थानिक सोनारांच्या हातचे आहेत. पेटीखालचा संगमरवरी चौथरा मात्र इटलीतला. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो द मेदिची याने तो भेट दिला, फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने घडवला, आणि १६९८ मध्ये तो इथे जोडून उभा केला. गोव्याची चांदी वर, फ्लॉरेन्सचा संगमरवर खाली. गोव्याच्या कलेबद्दल जे काही सांगायचं ते या एका जागी दिसतं.

गोव्यातले लोक झेवियरला गोंयचो सायब म्हणतात, आणि इथे हात जोडून उभ्या असलेल्यांत कितीतरी हिंदू असतात. तुमच्या आजीलाही हात जोडावेसे वाटले तर कुणाला त्याचं काही वाटणार नाही.

रस्त्यापलीकडे

से कॅथेड्रल सेंट कॅथरिनच्या नावाचं आहे. आल्बुकर्कने शहर जिंकलं तो २५ नोव्हेंबर १५१० हा तिच्या फेस्ताचा दिवस होता. बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं, १६१९ मध्ये मुख्य काम संपलं. लांबी सुमारे ७६ मीटर. बाहेरून पाहताना मुलांना विचारा, काय चुकल्यासारखं दिसतं? दुसरा मनोरा नाही. तो १७७६ मध्ये वीज पडून कोसळला आणि परत बांधलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातली सर्वांत मोठी घंटा आहे. तिच्या नादामुळे तिला सोन्याची घंटा म्हणतात. आत बाप्तिस्म्याचं १५३२चं दगडी पात्र आहे आणि मुख्य आल्तारावर कॅथरिनच्या हौतात्म्याचे प्रसंग कोरले आहेत. इथे वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. मला कॅथेड्रल भव्य वाटतं, पण जीव रमतो तो शेजारी.

शेजारचं सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी हे चर्च आता पूजेत नाही. आजची इमारत १६६१ची असली तरी मुख्य दरवाजा आधीच्या, १५२१च्या चर्चचा आहे. काळ्या दगडातला तो मान्युएलिन या पोर्तुगीज शैलीचा दरवाजा या पांढऱ्या भिंतीत उठून दिसतो. आतल्या जमिनीवर थडग्यांच्या शिळा फरशीसारख्या बसवल्या आहेत. त्यांवर घराण्यांची चिन्हं आहेत. मुलांना सांगा, तुम्हाला आवडलेलं एक चिन्ह वहीत काढून घ्या. वर भिंतींवर रंगवलेल्या लाकडी फळ्या आहेत, फुलापानांची नक्षी आणि संतचरित्र.

याच्याच मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या तसबिरींचं दालन लोक उत्साहाने बघतात. तुम्ही मात्र आधी दगडी दालनात जा. कदंबकाळातले वीरगळ आणि सतीशिळा तिथे आहेत. आपल्या गावाच्या वेशीवर जे वीरगळ उभे असतात, तेच इथेही. पोर्तुगीज येण्याआधी हा मुलूख कुणाचा होता, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बारा वाजले असतील. पणजीला परता, जेवा, झोपा.

दुसरी सकाळ: टेकडी

बॅसिलिकेच्या पश्चिमेला चढण लागते. तिला होली हिल किंवा मोंती सांतो म्हणतात. दहा मिनिटांची चाल आहे, पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना रिक्षाने वर सोडा. पर्यटकांच्या बस इथे येत नाहीत, आणि माझ्या मते जुन्या गोव्यातला सर्वांत मोलाचा वेळ इथला आहे.

सेंट ऑगस्टीनचं चर्च १६०२ मध्ये पूर्ण झालं. मठ बंद पडल्यावर देखभाल थांबली, १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, आणि १९३१ मध्ये दर्शनी भिंत व मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. आज जांभ्याचा ४६ मीटर उंच एकच सुळका उभा आहे. खाली चौथरे, थडग्यांच्या शिळा, भिंतीला चिकटलेले निळ्या-पांढऱ्या फरश्यांचे तुकडे. मुलांना इथे पळायला आवडतं. पळू द्या, पण शिळांवर आणि भिंतींवर चढू देऊ नका.

इथलीच एक गोष्ट त्यांना सांगा. जॉर्जियाची राणी केतेवान हिला इराणचा शाह अब्बास याने धर्म सोडायला नकार दिल्याबद्दल १६२४ मध्ये शिराझमध्ये छळून मारलं. ऑगस्टीन पंथाच्या पाद्र्यांनी तिचे अवशेष गुपचूप गोव्यात आणले. पुरातत्त्व खात्याला इथल्या उत्खननात हाडं सापडली, हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेत त्यांची डीएनए तपासणी झाली, आणि २०२१ मध्ये भारताने ते अवशेष जॉर्जियाला सन्मानाने सुपूर्द केले. एका पडक्या भिंतीतून दोन देशांना जोडणारं इतकं काही निघालं!

समोर सांता मोनिका हा जोगिणींचा प्रचंड मठ आहे. त्याच्या आवारात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, तिथे जायच्या आधी उघडण्याच्या वेळा तपासून घ्या. संग्रह लहान पण निवडक आहे. हस्तिदंतातला मेंढपाळ येशू, लाकूडकाम, चांदीकाम. मूर्तींचे चेहरे आणि वस्त्रांच्या चुण्या निरखून बघा. घडवणारे हात इथल्याच कारागिरांचे होते आणि आपल्या ओळखीच्या नागकन्या, कमळं, वेलबुट्टी ते ख्रिस्ती मूर्तिकामात सहज घेऊन आले.

चालायची ताकद असेल तर टेकडीच्या टोकाला रोझरी माउलीचं जुनं चर्च आहे. ते बऱ्याचदा बंद असतं, पण बाहेरून मांडवीचं पात्र आणि पलीकडची बेटं दिसतात. जुवे बेटाची दिशा मुलांना इथून दाखवा.

खाली नदीकडे

टेकडी उतरून सेंट कायतानच्या चर्चकडे या. थिएटाइन पंथाच्या इटालियन साधूंना पोपने गोवळकोंड्याला पाठवलं होतं. तिथे परवानगी मिळाली नाही, म्हणून ते गोव्यात थांबले आणि १६६१ पर्यंत त्यांनी रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर घुमटाचं चर्च उभं केलं. घुमटाखाली फरशीत झाकलेली विहीर आहे. आवारात काळ्या दगडाची एक एकटी चौकट उभी आहे, ती आदिलशाही वाड्याच्या दरवाजाची. पोर्तुगीजांच्या आधीचं शहर जमिनीवर एवढंच उरलं आहे, म्हणून तिच्याशी थांबा.

पुढे व्हाइसरॉयची कमान. प्रत्येक नवा व्हाइसरॉय नदीतून उतरून या कमानीतून शहरात शिरायचा. वास्को द गामाचा पणतू व्हाइसरॉय असताना सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती बांधली गेली, १९५४ मध्ये ती परत उभारली. कमानीतून सरळ गेलं की फेरीबोटीचा धक्का.

बोट पकडून दिवाडी बेटावर जाच. काही मिनिटांचा प्रवास आहे, पण मुलांच्या दृष्टीने तोच सहलीचा कळस असतो. बोटीवरून मागे वळून पाहिलं की झाडीतून वर आलेले पांढरे मनोरे एका ओळीत दिसतात. जहाजातून येणाऱ्याला हे शहर असंच दिसायचं. बेटावर पिएदाद गावात टेकडीवर मोठं चर्च आहे. धक्क्यापासून ते लांब आहे, तेव्हा रिक्षा किंवा स्वतःचं वाहन बोटीत घालून न्या. सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान याच बेटावर होतं. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला गेला, आणि शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला.

मुलं विचारतील ते टाळू नका

देवळं का पाडली, असं मूल विचारणारच. खरं सांगा. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देस, साष्टीतली देवळं पाडली गेली. लोकांनी देव उचलून नदीपलीकडे नेले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली ती याच काळात. धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, गोव्यात १५६० मध्ये सुरू झालं आणि १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. त्याचा वाडा कॅथेड्रलजवळच होता. झेवियरने राजाला पत्र लिहून ते न्यायालय मागितलं होतं, आणि ते स्थापन झालं त्याच्या मृत्यूनंतर. हेही सांगायला हरकत नाही.

त्याच दमात दुसरी बाजू सांगा. आजच्या गोव्यात चर्चच्या फेस्ताला हिंदू शेजारी जातात आणि जत्रेला ख्रिस्ती शेजारी येतात. चारशे वर्षांपूर्वीच्या राजवटीचा हिशेब आज मिस्सेला आलेल्या म्हातारीकडे मागायचा नसतो. मुलांना दोन्ही गोष्टी एकत्र धरता येतात. मोठी माणसंच बऱ्याचदा एक सोडून देतात.

पणजीची संध्याकाळ

साडेचारनंतर पणजीत पायी निघा. मध्यवर्ती चौकातलं पांढरंशुभ्र इमॅक्युलेट कन्सेप्शनचं चर्च, ज्याच्या पुढे नागमोडी जिने आहेत. इथे १५४१ मध्ये कपेल होतं, आजचं चर्च १६१९चं. वरच्या घंटेकडे बोट दाखवा. सकाळी पाहिलेल्या पडक्या सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यातली ती घंटा, १८७१ मध्ये इथे टांगली. मुलांच्या चेहऱ्यावर ओळख पटलेली दिसते. ज्यांना जिने झेपत नाहीत त्यांना खालच्या बागेतल्या बाकावरून सगळं दिसतं. या चर्चचं फेस्त ८ डिसेंबरला असतं.

तिथून फोंतेन्याज, पणजीतली जुनी वस्ती. रंगीत भिंती, लहान सज्जे, अरुंद गल्ल्या. ही माणसांची घरं आहेत, हे लक्षात ठेवून चाला. कुणाच्या पायरीवर चढून किंवा खिडकीला टेकून फोटो काढू नका, इथल्या रहिवाशांना त्याचा खरोखर जाच होतो. दारात कुणी बसलं असेल तर आधी विचारा. मराठीत बोललात तरी कळतं, आणि निघताना ‘देव बरें करूं’, म्हणजे कोंकणीतलं धन्यवाद, म्हणालात तर हमखास हसून उत्तर मिळतं. गल्लीच्या एका टोकाला सेंट सेबॅस्टियनचं कपेल आहे. तिथल्या क्रुसावरच्या येशूची मान ताठ आणि डोळे उघडे आहेत. हा क्रूस पूर्वी धर्मन्यायालयाच्या वाड्यात होता. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या आसपास गेलात तर दार उघडं मिळण्याची शक्यता जास्त.

जुन्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांचे चौकोनी पातळ तुकडे बसवलेले दिसतील. उजेड आत येतो, ऊन येत नाही.

शाकाहारी कुटुंबाची गोव्यात उपासमार होते हा गैरसमज आहे. पणजीत पाव-भाजीची सकाळची हॉटेलं भरपूर आहेत. पोई हा गोव्याचा पाव आणि पातळभाजी मुलांना आवडते, आणि बेबिंका ही थरांची गोड मिठाई चाखून बघा. तिच्यात अंडी असतात, न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं.

मिस्सेला बसायचं असेल तर

जरूर बसा. कोणी अडवत नाही. मिस्सा कोंकणी किंवा इंग्रजीत असते, वेळ दाराशी लावलेली असते. सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी मागच्या बाकावर जागा घ्या, म्हणजे लहान मूल कुरकुरलं तर उठून जाता येईल. लोक उभे राहिले की उभं राहा, ते गुडघे टेकतील तेव्हा तुम्ही शांत बसलात तरी चालतं. शेवटच्या टप्प्यात लोक रांगेने पुढे जाऊन प्रसाद घेतात. हा आपल्या देवळातला प्रसाद नव्हे, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि तशी तयारी केलेल्या कॅथलिकांसाठीच असतो. त्या रांगेत न जाता जागेवर बसून राहा. मिस्सा चालू असताना फोटो अजिबात नको. संगीताकडे लक्ष असू द्या. व्हायोलिन आणि चौसुरी गायन ही गोव्यातल्या पॅरिश म्हणजे चर्चच्या शाळांची शतकांची शिकवण आहे.

परतीच्या वाटेवर

गाडी मडगावहून असेल आणि हाताशी अर्धा दिवस असेल तर राशोलला थांबा. जुवारी नदीच्या काठी टेकाडावर १६१०च्या सुमाराची सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा, आहे. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेला थॉमस स्टीफन्स हा जेझुइट मराठी शिकला, त्याने येशूचं चरित्र मराठी ओव्यांत रचलं, आणि ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. ओवी पूर्णपणे आपल्या वळणाची, लिपी मात्र रोमन, कारण देवनागरीचे खिळे तेव्हा नव्हते. घरातल्या ज्येष्ठांना मराठीची गोडी असेल तर या ठिकाणी त्यांना घेऊन जाच. सेमिनरी ही चालू शिक्षणसंस्था आहे, त्यामुळे फाटकावर परवानगी विचारूनच आत जायचं. विद्यार्थ्यांचे वर्ग किंवा प्रार्थना चालू असेल तर चर्चचा भाग तेवढा पाहता येतो.